अब्बांची चंची

आमच्या बीड जिल्ह्यात खेड्यावरचा म्हातारा माणूस एकेकाळी त्याच्या कमरेच्या चंचीवरून ओळखू येई. कप्प्याकप्प्यांची लांबट कापडी पिशवी. एका कप्प्यात पान, मग सुपारी, कात, तंबाखू. वळकटी करून नाडी गुंडाळली की झालं.

आमचे अब्बा पिंजारी. गाद्या शिवून उरलेल्या तांबड्या खारव्याची चंची अम्मीनं त्यांना शिवून दिली होती. नाडीच्या टोकाला कवडी आणि पितळी घुंगरू. चुन्याची डबी परळीच्या महाशिवरात्रीच्या जत्रेतली; तीही पितळी, झाकणावर मोर, साखळीला चुना काढायची चिमुकली काडी. ओट्यावर कुणी टेकलं की अब्बा नाडी सोडत. आमच्या घरचं पाणी न पिणारे एक बुवा त्या चंचीतली सुपारी मात्र मागून घेत. लहानपणी मला याचं हसू येई.

मागे एका पुस्तकात जपानी तंबाखूच्या बटव्याचं चित्र पाहिलं आणि ही चंचीच आठवली. आपल्या धोतरासारखाच किमोनोलाही खिसा नसतो. म्हणून बटवा दोरीनं कमरपट्ट्याला लटकवायचा. दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला कोरीव गोटी; तिला नेत्सुके म्हणतात. बटव्याच्या चापावर धातूची बारीक नक्षी, एखादा खेकडा, एखादा कीटक. १८७६ साली जपानी सरकारनं सामुराईंना तलवार लावून हिंडायला बंदी केली. तलवारींच्या मुठी सजवणाऱ्या कारागिरांचं काम गेलं. त्यातले कितीतरी जण मग या बटव्यांच्या नक्षीकडे वळले. मारण्याच्या हत्यारावरचा हात तंबाखूच्या बटव्यावर आला, ही गोष्ट मला फार आवडली. आवडली म्हणताना जीभ मात्र अडखळते.

कारण अब्बांच्या गालात गाठ आली. तोंड पुरतं उघडेना. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली. अब्बांनी चंची उलटी करून झटकली, दोन दिवस उन्हात टाकली आणि तिच्यात तसबीह अन् गोळ्यांची पाकिटं ठेवली. कुणी भेटायला आलं की सवयीनं हात नाडीकडे जाई आणि तिथंच थांबे. आठ महिन्यांत ते गेले.

आपल्या राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी आमच्या गल्लीच्या गटारात पुड्या दिसतातच. फाडायची, तोंडात रिकामी करायची, फेकायची. तिला कवडी कोण बांधणार?

परवा मुलगी म्हणाली, "अब्बा, ही चंची धुऊन भिंतीवर लावू." चंची धुतली. डबीच्या तळाशी चुन्याचा दगड झाला आहे. तो मी खरवडू दिला नाही.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)