कारभाऱ्यांचं न सांगितलेलं दुखणं

गटाच्या बैठकीत आम्ही गर्भाशयाच्या दुखण्यांवर बोलतो, आज पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीबद्दल बोलू.

ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीभोवती असते. तिच्यात आपोआप आवळणारे आणि सैल होणारे स्नायू असतात. लघवीच्या वाटेने जंतू, बहुतेकदा ई. कोलाय, आत शिरले की ग्रंथी सुजते. स्नायूंच्या पेशीही गप्प बसत नाहीत. जंतूंची चाहूल लागताच त्या रासायनिक निरोप धाडतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतूंशी लढाई होते, पण सूजही वाढते. त्यात स्नायू आवळले की नळी दबते.

मग थंडी वाजून ताप येतो, लघवीला जळजळ होते, धार बारीक होते, कंबर दुखते. आपण म्हणतो, ‘उन्हाळी लागली’, आणि धन्याचं पाणी देत राहतो. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, लघवी तपासून घ्या. लघवी तुंबली तर रात्रीसुद्धा थांबू नका.

जंतू मारणाऱ्या गोळ्या बहुधा २ ते ४ आठवडे चालतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या, तर दुखणं उलटतं. पुरुष लाजेपायी बोलत नाहीत. आपणच विचारूया.