सरबताच्या बाटल्या : विसळलेल्या आणि निर्जंतुक



मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी रातांब्यांची गडबड सुरू होते. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची. काही दिवसांत लालबुंद अमृत कोकम तयार. ते गाळून बाटल्यांत भरायचे, म्हणजे काम संपले. पण बाटल्या धुण्याचे काम कोणाकडे येते बरे? घरातल्या सर्वांत लहान पोराकडे. “जा रे, एवढ्या बाटल्या विसळून आण.” या ‘विसळून’ शब्दावरच आज मला बोलायचे आहे.

एका वर्षी आमच्या माजघरात रात्री बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. दिवा घेऊन पाहतो तो फडताळातली एक बाटली फुटलेली, भिंतीवर लाल शिंतोडे आणि खाली अंथरुणावर काचा. त्या अंथरुणावर निजणारी मुलगी त्या रात्री उकडते म्हणून ओटीवर गेली होती, एवढेच दैव. साखर त्या वर्षी हात राखून घातली होती हे खरे. पण शेजारच्या बाटल्या फुटल्या नव्हत्या. फुटली त्या बाटलीच्या बुडाशी गेल्या वर्षीच्या सरबताचे चिकट कडे तसेच होते, आणि विसळल्याचे पाणी न निथळताच ती भरली होती.

झाले काय, तर त्या कड्यात किण्व, म्हणजे यीस्ट, दडून होते. सकाळची गोड नीरा उन्हे चढल्यावर फेसाळून ताडी होते, ती याच जातीच्या जिवांमुळे. दाट पाकात त्यांचे फारसे चालत नाही. पाणी मिळून पाक पातळ झाला की ते साखर खातात आणि वायू सोडतात. बूच घट्ट असले तर तो वायू जाणार कुठे?

तेव्हा कामे दोन आहेत. आधी मळ काढणे, मग जंतू मारणे. क्रम उलटा करून चालत नाही. मळाच्या पापुद्र्याखाली बसलेल्या जंतूपर्यंत ना कढत पाणी नीट पोचते, ना औषध.

पण त्याआधी बाटली निवडा. फवारणीच्या औषधाची, रॉकेलची किंवा फिनेलची बाटली कितीही धुतली तरी खाण्यापिण्याच्या कामी आणू नये. जंतू मरतात, विष मरत नाही. अशी बाटली घरात ठेवूच नये. तोंडाला टवका गेलेली किंवा चरा पडलेली बाटलीही बाजूला काढा.

आता धुणे. कढत पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून बाटल्या तासभर भिजू द्या, मग लांब दांड्याच्या कुंचल्याने आतून घासा. कुंचला नसेल तर मूठभर तांदूळ आणि थोडे पाणी घालून जोराने खळखळवा. वाळू वापरू नका. काचेवर चरे पडतात आणि चऱ्यांत पुन्हा मळ बसतो. खरी जागा दोन : बुडाचा कोपरा आणि गळ्याचा आतला भाग. मग स्वच्छ पाण्याने तीनदा खंगाळा. पारख सोपी आहे. बाटली भरून ओता. पाणी काचेवरून सरळ पातळ पडद्यासारखे उतरले तर बाटली साफ. थेंब थेंब चिकटून राहिले तर ओशटपणा शिल्लक आहे, पुन्हा घासा.

आमच्या आजीच्या वेळी लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देत. वास छान येई, बरणी कोरडी होई. मी त्या चालीला नावे ठेवणार नाही, पण धुरी उकळण्याची जागा घेऊ शकत नाही.

उकळण्यासाठी मोठ्या पातेल्याच्या तळाशी जाड फडके घाला. बाटल्या कोमट पाण्याने भरून पूर्ण बुडतील अशा ठेवा, आणि आच हळूहळू वाढवा. गार बाटली एकदम कढत पाण्यात टाकली की तडकते. पाणी खळखळू लागल्यापासून दहा मिनिटे मोजा. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी शंभर अंशांच्या खालीच उकळते, म्हणून तिथे पंधरा मिनिटे द्या. मग चिमट्याने काढून धुतलेल्या फडक्यावर पालथ्या ठेवा. आतून पुसू नका! एवढी मेहनत करून पदराने बाटली पुसणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

जळण कमी असेल, तर ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टी.सी.एल. पावडर कामी येते. दहा लिटर पाण्यात पाच-सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण एक चमचा, कालवून निवळू द्या. वरच्या पाण्यात घासलेल्या बाटल्या दहा मिनिटे बुडवा, मग उकळून गार केलेल्या पाण्याने खंगाळा. पावडर ताजी हवी. दमट झालेलीत जोर राहत नाही. त्या पाण्यात लिंबू किंवा शिरका कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

बुचाकडे कोणी पाहत नाही. जुने बूच छिद्राछिद्रांत बुरशी बाळगून असते, म्हणून दर वर्षी नवे आणा. पत्र्याची झाकणे बाटल्यांबरोबरच उकळा. भरताना वर दोन बोटे जागा सोडा आणि बाटलीवर तारीख लिहा. पुढे बाटली फसफसताना दिसली तर तोंड आपल्याकडे न धरता, वर फडके धरून झाकण सैल करा आणि ती ओतून द्या.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात करून दाखवावे. डाळीचे गाळलेले पाणी दोन सारख्या बाटल्यांत भरा, तोंडाला कापसाचा बोळा लावा. एक बाटली पातेल्यातल्या पाण्यात उभी ठेवून अर्धा तास उकळा, दुसरी तशीच राहू द्या. न उकळलेली बहुधा एक-दोन दिवसांत गढुळते. फ्रान्समधल्या निकोला आपेर या मिठाईवाल्याला बाटल्या बुचे मारून उकळण्याच्या युक्तीबद्दल 1810 साली सरकारने बारा हजार फ्रँक दिले. ती युक्ती का चालते हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते लुई पाश्चर यांनी पुढे 1860 च्या सुमारास दाखवले.

उकळलेली बाटलीही काही दिवसांनी गढुळली, तर प्रयोग फसला असे समजू नका. काही जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात. कोकम-लिंबासारख्या आंबट रसात ती उगवत नाहीत, डाळीच्या पाण्यात उगवतात. म्हणूनच घरी बाटलीत साठवायचे ते आंबट सरबत. उसळ, भाजी, मांस यांच्या वाटेला जाऊ नये; त्यांत कधी असे विष तयार होते की ना वास येतो, ना चव बदलते. प्रयोगाचे पाणी मुलांना चाखू देऊ नका, आणि आठवड्याने दोन्ही बाटल्या सोड्याच्या पाण्यात उकळून मगच रिकाम्या करा.