मुतखडा आणि पाण्याचा हिशेब

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरतात. अनेक घरांत मात्र मुतखड्याच्या भयाने टोमॅटो आणि दूध वर्ज्य केले जाते. संशोधन निराळे सांगते. टोमॅटोत ऑक्झलेट अल्प, पालकात विपुल असते. दुधातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, म्हणून दूध उगाच सोडू नये.

खरे औषध पाणी! एकदा मुतखडा झालेल्या १९९ रुग्णांचा इटलीतील बोर्गी व सहकाऱ्यांनी पाच वर्षे मागोवा घेतला. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोज दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला; नेहमीइतकेच पिणाऱ्या १०० जणांपैकी २७ जणांना.

जुन्नर-आंबेगावच्या उन्हात शेतात राबणाऱ्याचे आणि पेढीवर बसणाऱ्याचे, दोघांचेही पाणी राहून जाते. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसाचे उकळलेले पाणी सूर्यास्तापूर्वी थोडे थोडे करून पुरे करावे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. यात व्रतभंग नाही. व्रत पेलण्यासाठी देहाची जपणूक आहे.