बंद नळी आणि विस्तव

भरतासाठीं वांगें निखाऱ्यावर ठेवण्यापूर्वीं गृहिणी त्यास सुरीनें दोन-चार टोचे मारते. तसें न केल्यास वांगें फुटून चुलीभोंवतीं सडा पडतो, हें तिला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकानें शिकविलेलें नसतें. परंतु त्याच घरीं फाटकाचा मोडका पाइप जोडावयास वेल्डर आला आणि त्यानें भोंक पाडण्यासाठीं ड्रिल काढलें, कीं यजमान धांवत पुढें येतात. चांगल्या पाइपाला भोंक कशासाठीं, असा त्यांचा सवाल! आजचें भाषण त्या भोंकाच्या वतीनें आहे.

वेल्डिंग म्हणजे धातूच्या दोन कडा वितळवून एकजीव करणें. पोलादास त्यासाठीं सुमारें १५०० अंश सेल्सिअस तपमान लागतें, आणि सांध्याच्या उष्णतेनें नळीच्या पोकळींतील हवाही तापते. कोंडलेली हवा २७ अंशांवरून ३२७ अंशांवर नेली तर तिचा दाब दुप्पट होतो. वायूंच्या प्रसरणाचे हे प्रयोग फ्रान्समध्यें जाक शार्लनें १७८७ च्या सुमारास केले व गे-ल्युसॅकनें १८०२ मध्यें त्यांचा नियम प्रसिद्ध केला. नळी मिटत मिटत शेवटचा बोटभर सांधा उरतो, तोंवर हवा तेथून सुखानें बाहेर जात असते. तोही मिटूं लागला, कीं तिला दुसरी वाट नसते. आणि वितळलेल्या धातूंत तिला अडविण्याची ताकद कोठून असणार? ती त्या रसांतून बुडबुडा काढून निसटते व मागें टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र राहतें. वेल्डर तें भरतो, तें पुन्हा फुटतें. बोल मात्र बिचाऱ्याच्या हाताला लागतो. पुढें नळी निवतांना त्या छिद्रांतून दमट हवा आंत ओढली जाते. वरचा रंग शाबूत, आणि आंतून गंजानें पोखरण!

येथवरचें नुकसान पैशाचें. नळींत पाणी असलें तर मात्र गोष्ट जिवावर बेतते. जुन्या फाटकांच्या व कठड्यांच्या पाइपांत कित्येक पावसाळ्यांचें पाणी साचलेलें असतें. कोंडलेल्या पाण्याच्या वाफेचा दाब २०० अंशांवर वातावरणाच्या सुमारें १५ पट, तर ३०० अंशांवर सुमारें ८५ पट होतो. अशा दाबानें टोपण उडालें तर तें पाइप धरून उभ्या असलेल्या पोराच्या तोंडावर. आणि पाइप धरावयास बहुधा हाताखालचें कोवळें पोरच उभें केलेलें असतें. पाइप हलवून आवाज आला नाहीं म्हणजे तो कोरडा, असेंही समजूं नये. गंजाचा ओला लगदा आवाज करीत नाहीं. ज्योत लागण्यापूर्वींच भोंक पाडावें आणि पाणी निथळूं द्यावें.

लहान नळीस तीन मिलिमीटरचें भोंक पुरतें, व तें खालच्या, नजरेआडच्या अंगास पाडतां येतें. मात्र प्रत्येक पोकळीस स्वतंत्र वाट हवी. दोन आडव्या पाइपांमध्यें उभा पाइप बसविला, तर त्याचीं दोन्ही तोंडें त्यांच्या भिंतींनीं मिटतात. शेजाऱ्याच्या भोंकानें त्याचा श्वास मोकळा होत नाहीं. तेथें सांध्याखालीं झांकलें जाईल असें भोंक आडव्या पाइपास आधींच पाडतात. सायकलीचा सांगाडा झाळून तयार करतांनाही अशीं भोंकें ठेवण्याची रीत आहे. काम निवाल्यावर भोंक पक्कें मिटवावें, नाहीं तर तळाशीं उघडें ठेवावें. अर्धवट मिटलेलें मात्र नको.

जस्ती पाइपाची आणखी एक खोड आहे. जस्त ९०७ अंशांवर उकळतें, म्हणजे पोलाद वितळण्याच्या पुष्कळ आधीं. त्याचा पांढरा धूर श्वासावाटे आंत गेला तर कांहीं तासांनीं हुडहुडी भरून ताप येतो. यासाठीं सांध्याजवळचा मुलामा घांसून काढावा व काम उघड्यावर करावें.

केरोसिनचें किंवा पेट्रोलचें पिंप मात्र एखाद्या भोंकानें निर्धोक होत नाहीं. रिकामें दिसणारें पिंप भरलेल्याहून घातक, कारण त्यांत इंधनाची वाफ हवेशीं मिसळून बसलेली असते. वेल्डर "कांहीं होत नाहीं, साहेब" म्हणाला तरी तें त्याच्या हातीं देऊं नये.