बॅन्फच्या जोडेवाल्याची रात्रपाळी



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले, म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज तुमची थोडी निराशा होईल. आम्ही एका जोडे शिवणाऱ्या कारागिराची हकीकत सांगणार आहोत. तो आपल्या मुलखातला नव्हे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर बॅन्फ नावाचे लहानसे गाव आहे, तिथला तो. पण त्याचा बाप हातमागावरचा विणकर होता आणि तो स्वतः पोरवयात सूतगिरणीत राबला होता. तेव्हा भिवंडीकरांना तो अगदीच परका वाटू नये.

नाव थॉमस एडवर्ड. जन्म १८१४ चा. याला पहिल्यापासून किड्यामुंग्यांचा नाद. जळवा, गोमा, पक्ष्यांची पिल्ले, जे हाती लागेल ते घेऊन तो शाळेत जाई. तीन शाळांतून त्याला हाकलले. सहाव्या वर्षी तंबाखूच्या कारखान्यात, मग दोन मैलांवरच्या गिरणीत. पहाटे चारला उठायचे, रात्री नऊला घर. पण त्या गिरणीभोवती रान होते आणि जवळून नदी वाहत होती. तिथेच त्याने आयुष्यातला पहिला खंड्या पाहिला. अकराव्या वर्षी जोडे शिवायला बसवला, तो एका दारुड्या मालकापाशी. मालक याला मारी आणि खिशातली जनावरे पायाखाली चिरडी.

विसाव्या वर्षी तो बॅन्फला आला तो कायमचा. लग्न केले. पुढे अकरा मुले झाली. मजुरी आठवड्याला दहा शिलिंगांच्या आत आणि काम सकाळी सहा ते रात्री नऊ. मंडळी, हा हिशेब जरा मनात धरून ठेवा. पंधरा तास ठोकाठोकी करून हा माणूस घरी येई, दोन घास खाई आणि खांद्याला जुनी बंदूक लावून बाहेर पडे. बंदूक अशी, की नळी दांड्याला सुतळीने बांधलेली! रात्रभर तो किनाऱ्यावर, रानात, पडक्या वाड्यांत फिरे. पाऊस आला की दरडीतल्या बिळात शिरून बसे. एकदा बॉइनच्या पडक्या गढीत तो झोपला असता त्याच्या खिशातल्या मेलेल्या पाणकोंबडीवर डोळा ठेवून एक पोलकॅट आले. आपल्याकडच्या मुंगसाच्या चालीचे, पण भारी चिवट जनावर. त्याच्याशी अंधारात जवळजवळ दोन तास झोंबी चालली. सकाळी सहाला साहेब पुन्हा ऐरणीवर. एवढे मात्र खरे, की रविवारी तो शिकारीला किंवा नमुने गोळा करायला जात नसे.

असा वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह घेऊन १८४६ मध्ये तो ॲबर्डीनला गेला. सहा गाड्या भरल्या होत्या. मोठे शहर, विद्यापीठाचे गाव. प्रदर्शन चालेल, चार पैसे मिळतील आणि कर्ज फिटेल, ही आशा. लोक फारसे आलेच नाहीत. जे आले त्यांतले शहाणेसुरते विचारू लागले, की दिवसभर जोडे शिवणारा माणूस हे सारे जमवील कसे? यात काही लबाडी आहे. शेवटी तो सगळा संग्रह वीस पौंड दहा शिलिंगांना विकून टाकावा लागला. एडवर्ड समुद्रकाठी गेला तो जीव देण्यासाठी. अंगातला कोट काढून टाकला होता. इतक्यात वाळूवर चिमुकल्या पाणपक्ष्यांचा थवा उतरला आणि त्यांच्यात एक वेगळाच, थोराड पक्षी दिसला. हा कोणता बरे? एडवर्ड त्याच्या मागे मागे किनाऱ्याने चालत सुटला, आणि आपण इथे कशाला आलो होतो हे विसरून गेला.

पुढे तो समुद्रातल्या जीवांकडे वळला. खेकडे-कोळंबीच्या जातकुळीतले बारीक बारीक प्राणी त्याने मोरे फर्थच्या आखातातून शोधले; शास्त्राला अपरिचित अशा वीसहून अधिक जाती त्याच्या हाती लागल्या, आणि एका जातीला त्याचे नावही दिले गेले. होडी नाही, जाळे नाही. त्याच्या मुली कोळ्यांकडे जात आणि त्यांनी टाकून दिलेली माशांची पोटे गोळा करून आणत. त्या पोटांतून बाप हे जीव वेचून काढी. बायको सोफिया दहा शिलिंगांत तेरा तोंडे जगवीत होती. या मायलेकींना कोणत्या संस्थेने काही दिल्याचे आमच्या वाचनात नाही. एडवर्डला १८६६ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने सहसदस्य करून घेतले.

१८७६ मध्ये सॅम्युअल स्माइल्सने त्याचे चरित्र लिहिले. हा तोच ‘सेल्फ हेल्प’वाला, ज्याची पुस्तके आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांनी भक्तिभावाने वाचली. ते चरित्र गाजले आणि राणीकडून सालीना पन्नास पौंडांचे पेन्शन मिळाले. एडवर्ड तेव्हा एकसष्ट-बासष्ट वर्षांचा होता. १८८६ मध्ये तो वारला.

आम्ही हे चरित्र शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. स्माइल्स म्हणणार, पाहा, गरीब माणूस चिकाटीने केवढे करू शकतो! आम्ही वाचताना तास मोजत होतो. पंधरा तास पोटाला आणि उरलेले शास्त्राला. मग झोपेला काय उरले? चिकाटीला आमचाही नमस्कार आहे. पण जोड्यांचे काम आठ तासांत आटोपले असते, तर ॲबर्डीनच्या त्या पंडितांना आपला प्रश्न विचारायला जागाच राहिली नसती. आणि एक कबूल करू: हा गृहस्थ आमच्या संघटनेत आला नसता. सभेच्या वेळी तो किनाऱ्यावर असता.

मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. १९४८ च्या कायद्याने कारखान्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आमच्याकडे येणारे इथल्या गोदामांतले लोडर मात्र बारा तासांची गोष्ट फार आधीपासून सांगत आले आहेत.

त्यांच्यातल्याच एका पोराने मध्यंतरी आम्हांला विचारले, की रात्रपाळी सुटल्यावर कामवारीच्या पुलावरून निळा पक्षी दिसतो, तो कोणता? चोच लांब, छाती पांढरी. आम्ही खंड्या म्हणून सांगितले. तो म्हणाला, थांबून नीट पाहीन म्हणतो, पण गाडी थांबत नाही.

मागच्या रांगेतली काही मंडळी उठू लागली आहेत. त्यांची दहाची पाळी आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांना वाट द्या. आम्हीही इथेच थांबतो.