पायाळूची लाथ आणि कुत्र्याची पाठ



पाठीत उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना जो पायांकडून बाहेर आला, त्याची हलकी लाथ कमरेला लागली की उसण जाते, अशी समजूत. आमच्या आळीत असा एक होता. सुगीच्या दिवसांत त्याला सकाळचा चहा धड पिऊ देत नसत. शिक्षण चौथी, पात्रता जन्मजात. या ‘पात्रता’ शब्दाभोवतीच मी आज फिरणार आहे.

भाषणाच्या पत्रिकेवर विषय छापलाय : कुत्र्यासाठी कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके दाबून उपचार करणारा, कसा निवडावा. ते वाचून एका जुन्या शेतकरी मित्राचा फोन आला, “साहेब, हे कोणतं नवं वाण काढलं?” वाण नवं नाही. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थाने ते पेरलं. त्याआधी तो हातातल्या चुंबकशक्तीने रोग घालवतो असं सांगायचा. इमारतीची झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्डचा मणका आपण दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा होता. आता ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, ती मेंदूतून सरळ कानाकडे जाते. पण दावा चालला आणि धंदाही चालला. पुढे या विद्येने पामरचे बरेच दावे मागे टाकले आणि माणसाच्या कंबरदुखीपुरती तरी थोडी मान्यता मिळवली. १९८९ मध्ये अमेरिकेत जनावरांच्या कायरोप्रॅक्टिकची संघटना निघाली. तिथे पशुवैद्यही शिकतात आणि माणसांचे कायरोप्रॅक्टरही. कुत्र्यांवरचे नीट आखलेले प्रयोग मात्र आजही फार थोडे आहेत.

आपल्याकडे हे सगळं आलं ते मोबाइलवरून. एक माणूस लॅब्रॅडॉरची मान धरतो, कडक् आवाज येतो, कुत्रा जीभ बाहेर काढून हसल्यासारखं करतो. खाली हजारो बदाम. तो आवाज म्हणजे सांध्यातल्या वंगणात झालेला वायूचा बुडबुडा. हाड जागेवर बसल्याची ती पावती नव्हे. आणि जीभ तर कुत्रा भीतीनेही बाहेर काढतो.

माणसाच्या छातीमागे १२ मणके आणि कमरेत ५. कुत्र्याच्या छातीला १३ आणि कमरेत ७. म्हणजे माणसाच्या पाठीवर शिकलेल्या हाताला कुत्र्याच्या पाठीत तीन मणके जास्तीचे लागतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, बाहेरून चिवट आणि आतून गरासारखी मऊ. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या जातीत हा गर लहान वयातच खडूसारखा वाळू लागतो. मग एक दिवस सोफ्यावरून उडी मारताना चकती फुटते आणि तो खडू वर मज्जारज्जूवर आदळतो. छाती संपते आणि कंबर सुरू होते, त्या भागात हे सर्वांत जास्त घडतं. साध्या एक्स-रेत ना चकती नीट दिसते ना मज्जारज्जू, त्यासाठी सीटी किंवा एमआरआय लागतो. अशा पाठीला कोणी झटका दिला तर उरलेला खडूही बाहेर येऊ शकतो.

पण डॅशहुंड आपल्या वाशिम जिल्ह्यात कितीसे? आपल्याकडचा कुत्रा राखणीचा. त्याची कंबर जाते ती रानडुकराच्या धडकेने, नाहीतर हायवेवर.

मालेगाव तालुक्यातल्या एका शेतातून मला, पशुवैद्य म्हणून, असाच निरोप आला होता. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती. रात्री डुकरं शिरली, राखणीचा कुत्रा शेरू मागे धावला, आणि सकाळी बांधावर पडलेला सापडला. मी पोचलो तेव्हा गावचा हाडवैद्य आधीच आलेला, तेलाची वाटी हातात. मालक म्हणाला, “मले वाटलं नस दबली असन, म्हणून यायले बोलावलं.” मी वाटी बाजूला ठेवायला सांगितली. शेरूला पोटाखाली हात देऊन उभं केलं. मागचा उजवा पंजा उचलला आणि उलटा करून, वरची बाजू मातीला टेकेल असा ठेवला. धड कुत्रा तो क्षणात सरळ करतो, शेरूचा तसाच राहिला. डावा त्याने सरळ केला, पण आपण आवंढा गिळायला जेवढा वेळ घेतो तेवढा घेऊन. मग चिमट्याने बोटाचं हाड दाबलं. पाय आखडला, पण नुसता पाय आखडणं पुरत नाही. ती हालचाल मेंदूला न कळवताही होते. शेरूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि गुरगुरला. मी मालकाला म्हटलं, “आता आशा आहे.” कुत्रा चावायला आला म्हणून खूश होणारा डॉक्टर त्याने पहिल्यांदाच पाहिला असेल.

बोटाच्या हाडाची ही वेदना मेंदूपर्यंत पोचत नसेल, तर प्रत्येक तास मोलाचा असतो. चकती फुटलेली असेल तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते आणि तरीही सगळे उठत नाहीत. हे न तपासता जो पाठीला हात घालतो तो कायरोप्रॅक्टर असो, हाडवैद्य असो की माझ्यासारखा पदवीवाला, माझ्या लेखी तो अपात्र.

पदवीवाला म्हटलं ते मुद्दाम. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका वस्तीवर मागचे पाय ओढणारं तरणं कुत्रं आणलं. कोणी काठी मारली असेल असं घरच्यांनी सांगितलं आणि मी ते मानलं. हातमोजे न घालता पाठ चाचपली, जबडा उघडून गोळी टाकली. तोंडातून लाळ गळत होती, ती मला उन्हामुळे वाटली. जबडा सैल आहे हे बोटांना कळलं होतं, डोक्याला कळलं नाही. चौथ्या दिवशी कुत्रं मेलं. ती मुकी पिसाळ होती. पिसाळलेला कुत्रा धावून चावतोच असं नाही, काही वेळा तो नुसता लुळा पडत जातो. त्या घरातली चार माणसं आणि मी, अशा पाच जणांनी लस घेतली. त्यात कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलेली सात वर्षांची मुलगी होती. आजही कोणी “साहेब, कंबर बसली” म्हणालं की मी आधी विचारतो, पाणी पितो का, आवाज बदलला का, लस कधी टोचली?

कंबर बसण्यामागे गोचिडांचा ताप असतो, डिस्टेंपर असतो, नितंबाचा झिजलेला सांधाही असतो. यातलं मोजकंच काही हाताने दाबून हलकं होण्यासारखं आहे.

आता कायदा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचं कलम ३० सांगतं की नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय दुसऱ्या कोणी पशुवैद्यकीचा व्यवसाय करायचा नाही. पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांना राज्य सरकार किरकोळ सेवांची मुभा देऊ शकतं, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. जनावरांच्या कायरोप्रॅक्टिकची वेगळी पदवी आपल्या परिषदेच्या अभ्यासक्रमात नाही. म्हणून भिंतीवरच्या परदेशी प्रमाणपत्राची चौकट कितीही सोनेरी असो, त्याखालचा नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्राची परिषद नागपुरात आहे आणि क्रमांक विचारल्याने खरा डॉक्टर रुसत नाही. परदेशातही हे मोकाट नाही. कॅलिफोर्नियात पशुवैद्याने तपासून मान्यता दिल्याशिवाय कायरोप्रॅक्टरला जनावराला हात लावता येत नाही.

मला विचाराल तर मी माणसाला त्याच्या पहिल्या दहा मिनिटांवरून ओळखतो. तो कुत्र्याला आधी चालताना पाहतो का? पंजा उलटा करून ठेवतो का? आधीचे कागद मागतो का? की दारातच दहा वेळा यायचं पॅकेज सांगतो? लकव्यापासून अपचनापर्यंत सगळं पाठीतूनच बरं करतो म्हणणाऱ्याकडून चप्पल घालून परत फिरावं. आणि जो म्हणतो, “ही केस माझी नाही, अकोल्याला न्या,” त्याचा नंबर जपून ठेवा. अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, परभणीला आणि नागपूरला महाविद्यालयं आहेत. कुत्र्याला फळीवर झोपवून, ओढणीने सैल बांधून न्यायचं. कडेवर घ्यायचं नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. घरातली पांढरी गोळी देऊ नका. आपल्या कंबरदुखीची डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते, मूत्रपिंड बसवते. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने आपली गिधाडं कशी जवळपास संपली हे ऐकून असाल. जनावरांसाठीचं ते औषध २००६ मध्ये बंद करावं लागलं.

शेरूचं पुढे काय झालं? अकोल्याला नेला. हाड मोडलेलं नव्हतं, मज्जारज्जूला मार आणि सूज. उपचार झाले, आणि सहा आठवडे बंदिस्त विश्रांती सांगितली. मालकाने तुराट्यांचा चार बाय चारचा कुड केला, त्यात गोणपाट अंथरलं. पहिले आठ दिवस शेरूला लघवी होत नव्हती. मालकीणबाई दिवसातून तीनदा, मी दाखवलं तसं, त्याचं पोट हळू दाबून ती काढायच्या. नंतर जुन्या लुगड्याची पट्टी पोटाखालून घालून त्याला दोन्ही वेळा उभं करायच्या आणि पायांच्या सांध्यांची हलकी घडी-उलगड करायच्या. शहरात याला फिजिओथेरपी म्हणतात, त्याचे पैसेही घेतात आणि ते रास्त आहेत. हाडवैद्यालाही मी कामाला लावलं होतं. त्याचा हात मऊ होता, मांडीचे स्नायू चोळायला उत्तम. पाठ सोडून, एवढीच अट.

तूर काढायच्या वेळी मी त्या बाजूला गेलो होतो. शेरू बांधावरून आला, मागचा उजवा पाय अजून जरा फेकत. मला ओळखलं, आणि तीन हातांवर थांबून गुरगुरला.