टॉर्च बदलण्याआधी

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यात लोखंडकामाचे लहान लहान गाळे आहेत. तसाच एक आमचा. ग्रिल, गेट, जिने ही आमची कामं. हिशेब, माल आणि मशीनची देखभाल माझ्याकडे.

आमच्याकडे पत्रा कापायला 40 अँपिअरचा जुना, स्वस्तातला प्लाझ्मा कटर आहे. कॉम्प्रेसरची हवा बारीक छिद्राच्या नोझलमधून जाते, तिच्यातून वीज वाहते. हवा इतकी तापते की लोखंड वितळून खाली उडतं. हे सगळं घडतं हातातल्या टॉर्चमध्ये.

गणपतीच्या तोंडावर टॉर्चचं डोकं तडकलं. तसाच टॉर्च मिळेना. दुकानात दुसरा दाखवला, म्हणाले, "सगळ्या मशीनला बसतो." मी किंमत विचारली आणि घेऊन आले. आटे जुळले नाहीत, तर लेथवर जोडणी करून घेतली. बटण दाबलं, तर ना हवा, ना ठिणगी.

कामावरचा मुलगा म्हणाला, "ताई, या दोन बारीक वायर मोकळ्या राहिल्यात. पिळून डायरेक्ट करू का?" ऑर्डर अडली होती. मी हो म्हणणारच होते. पण शेजारच्या गाळ्यातले इलेक्ट्रिशियन काका आले आणि म्हणाले, "थांबा वहिनी, त्या वायर कॅपच्या आहेत."

टॉर्चची पुढची कॅप काढली की मशीन सुरूच होऊ नये, म्हणून त्या असतात. आपण नोझल बदलतो तेव्हा बोटं थेट इलेक्ट्रोडवर असतात. घरातली वीज 230 व्होल्टची; कटर सुरू असताना टॉर्चपाशी 200 च्या वर, काही मशीनमध्ये 300 व्होल्टपर्यंत वीज असते. वायर पिळल्या असत्या, तर कॅप काढलेली असतानाही चुकून बटण दाबलं गेल्यावर ती वीज त्या मुलाच्या बोटांत गेली असती.

मग काकांनी खरी गोष्ट सांगितली. टॉर्च पेटायच्या दोन पद्धती. एकात इलेक्ट्रोड जागेवर पक्का असतो आणि मशीन काही हजार व्होल्टची ठिणगी टाकून सुरुवात करतं. दुसऱ्यात इलेक्ट्रोड आणि नोझल एकमेकांना टेकलेले असतात, हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकतो आणि ठिणगी पडते. आमचं मशीन पहिल्या पद्धतीचं, टॉर्च दुसऱ्या. वायर पिळून धोका वाढला असता, टॉर्च मात्र पेटला नसता.

ओळखायचं कसं? टॉर्च मशीनपासून पूर्ण सोडवा. आत इलेक्ट्रोड, नोझल, कॅप बसवलेली असू द्या. मीटरची एक पिन विजेच्या जोडणीला, दुसरी नोझलला लावा. मीटर वाजला तर टेकून पेटणारा. नाही वाजला तर ठिणगीवर पेटणारा.

म्हणून टॉर्च घेताना किंमतीआधी चार गोष्टी विचारा. पेटतो कसा? किती अँपिअरचा? तो आकडा मशीनपेक्षा कमी नको. हवेच्या आणि विजेच्या जोडणीचे आटे कोणते? नोझल आणि इलेक्ट्रोड आपल्या बाजारात मिळतात का? जुना टॉर्च पिशवीत घालून न्या, मशीनवरच्या पाटीचा फोटो काढून न्या.

मशीनचं झाकण मात्र आपण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ते काम जाणकाराचं.

आणखी एक. पावसाळ्यात आपल्याकडे हवा ओली असते, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि ते नोझल, इलेक्ट्रोड खातं. रोज संध्याकाळी टाकीचं पाणी सोडा, हवेच्या लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर लावा. टॉर्च बदलायची वेळच उशिरा येईल.

आम्ही टॉर्च परत करून ठिणगीवर पेटणारा आणला, कॅपच्या वायर काकांनी नीट जोडून दिल्या. ग्रिल दोन दिवस उशिरा गेलं. गिऱ्हाईक रागावलं, मी ऐकून घेतलं. तो मुलगा आजही दहा बोटांनी काम करतो आहे. नोझल बदलताना आधी मेन स्विच बंद करतो, मग कॅपला हात लावतो. तुमच्या गाळ्यातही एवढं नक्की करा.